डेसची गारठलेली मधमाशी

ऑस्ट्रेलियातल्या बॅलाराटजवळच्या एका गावातल्या कॅमेरा क्लबात नवशिक्यांचे फोटो तपासायचं काम नोला ट्रेगेन्झाकडे होतं, आणि निम्मा क्लब तिच्या जिभेला टरकून असायचा. तिचं आयुष्य फुलांच्या वाफ्यात पालथं पडून किड्यांचे फोटो काढण्यात गेलेलं. क्लबातला नवशिका, निवृत्त डेस पास्को मात्र कंबर वाकवायलाही तयार नसे.

"पुन्हा माशीची पाठच! तिच्या डोळ्यांत डोळे घाल, डेस," ती करवादायची. "आणि भल्या पहाटे काढ. गारठ्यात किडे सुस्त असतात, हलत नाहीत."

पुढच्या बैठकीत डेसने लव्हेंडरवरची मधमाशी पडद्यावर झळकवली. डोळा लख्ख, अंगावरचा केसन् केस स्पष्ट. टाळ्या पडल्या. नोलाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. फुलांवर भर दुपारचं ऊन होतं आणि माशीचे सगळे पाय पोटाशी आवळलेले.

"डेस, ही मेलेली आहे."

"असेल," डेस चहात बिस्किट बुडवत म्हणाला. "अगं, तूच म्हणालीस ना, गारठ्यात हलत नाहीत? मग आइस्क्रीमशेजारी फ्रीझरमध्ये ठेवली. दुपारी जेवून निवांत काढला फोटो."

"अरे ठोंब्या, गारठ्यात तुला जायला सांगितलं होतं, तिला नव्हे!"