अर्धवट स्वेटरचा फोटो

बस डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे ज्यांनी बावीस वर्षं काढली, त्यांना सगळे छत्रीबाई म्हणत. छत्र्याच तेवढ्या यायच्या! आज त्यांचा शेवटचा दिवस होता, आणि सकाळपासून त्यांना जुनं काही ना काही आठवत होतं.

वस्तूंचे फोटो लोकांना घरबसल्या दिसावेत म्हणून बाई ऐन चाळिशीत पुस्तक समोर ठेवून पीएचपी, म्हणजे वेबसाइट बनवायची भाषा, शिकल्या होत्या. फोटो डेटाबेसमध्ये साठवलेले; वेबसाइटच्या पानाने फोटोचा नंबर सांगितला की त्यांचा प्रोग्राम तो फोटो काढून द्यायचा. पहिल्या दिवशी ‘हे चित्र आहे’ असं ब्राउझरला आधी सांगायचंच राहिलं आणि स्क्रीनभर अगम्य अक्षरं उमटली. शिपाई म्हणाला, “बाई, ही छत्री आहे की भुताची चिठ्ठी?” दोघं पोट धरून हसले होते. काय दिवस होते ते!

प्रत्येक फोटो प्रोग्राममधूनच जायचा, म्हणून तो किती वेळा पाहिला गेला तो आकडाही बाईंनी फोटोखाली दाखवला होता. छत्र्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. पण सहा वर्षांपूर्वीचा एक अर्धवट विणलेला स्वेटर होता, सुया तशाच खोचलेल्या; त्याचा फोटो रोज सकाळी एकदा उघडला जायचा. न्यायला मात्र कुणी येईना. नियमाने तो केव्हाच मोडीत गेला असता. बाईंनी कपाटाच्या तळाशी दडवला होता.

आता नवे साहेब जुने फोटो पुसणार होते. त्यांना सगळं चकाचक लागतं! म्हणून बाईंनी आठवड्यापूर्वीच त्या फोटोखाली विनंती घातली होती, की शनिवारच्या आत घेऊन जा.

दुपारी एक आजोबा खिडकीशी आले.

“स्वेटर माझ्या बायकोचा. बसमध्ये विसरली. ‘उद्या जाऊन आणते’ म्हणाली, आणि त्याच रात्री वारली.”

“मग इतकी वर्षं आला का नाहीत?”

“इथे होता तोवर वाटायचं, तिला अजून आणायला जायचंय.” त्यांनी स्वेटर छातीशी धरला. “फोटो राहील ना हो?”

बाईंना रडूच आलं. डोळे पुसून त्या तडक साहेबांकडे गेल्या.

“एका फोटोने काय बिघडतंय? राहू द्या,” साहेब म्हणाले. माणूस वाटला तेवढा वाईट नव्हता.

निघण्यापूर्वी बाईंनी विनंती पुसली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच खोटं लिहिलं: ‘अजून न्यायला कुणी आलेलं नाही.’

दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता त्यांनी घरूनच तो फोटो उघडला. आकडा दोनाने वाढला होता. एक त्यांचा स्वतःचा.