ओलॉलची भावकी

तमाम लहानथोरांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, जगातल्या प्रत्येक नव्या औषधाचं बारसं जिनिव्हा नावाच्या गावी होतं. पाळणा नसतो, घुगऱ्या नसतात आणि आत्याचा मान एका कमिटीकडे असतो.

कंपनी आपल्या गोळीला काहीही लाडाचं नाव ठेवो, कमिटीनं ठेवलेलं नाव जगभर चालतं आणि ते कुणाच्याच मालकीचं नसतं. आधी काही महिने ते जाहीर करून ठेवतात, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणतात. अगदी सातबाऱ्यावरच्या फेरफाराच्या नोटिशीसारखं. वाचून रोगी दचकेल असं काही नावात येऊ देत नाहीत. आणि नावाचा शेवट ठरलेला. एका कुळीतल्या औषधांचा शेवट एकच, म्हणजे आडनावच म्हणा. आमच्या दिंद्रुडच्या बाजारात पाव्हण्याला आधी आडनाव विचारतात, म्हणजे लगेच भावकी कळते.

हे ज्ञान मी सोसायटीच्या औषध दुकानात कमावलं. त्या दुष्काळात गिऱ्हाईक कमी आणि वेळ मोप. येईल त्याला मी हातवारे करून सांगायचो, "नावाच्या शेवटी ओलॉल असलेले सगळे काळजाचे ठोके सावकाश करणारे!"

"गोळी दे बे," लोक म्हणायचे, "कीर्तन कावून करतो?"

त्याच उन्हाळ्यात माझ्या काकूला काका दिसायला लागले.

काका गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. जनावरं चारा छावणीत गेल्यामुळं संस्थेलाही कुलूप होतं. पण भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, काका दुधाची किटली घेऊन त्या कुलपाकडं जातात, असं काकू सांगायची.

"बोलत न्हाईत. अनवाणी हायेत. फुपाट्यात पाऊल उमटत न्हाई."

गाव म्हणालं, जीव संस्थेत अडकलाय. काकूवरून दहीभात उतरवून टाकला. मी हसायचो. मग एका दुपारी आम्ही दोघं ओट्यावर बसलो असताना तिनं एकदम डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "सरक जरा. त्यांना बसू दे."

मी सरकलो. का सरकलो, ते आजही सांगता येत नाही. मोकळ्या जागेचा दगड बराच वेळ माझ्या मांडीला गार लागत होता, आणि ऊन तर असं की ओट्यावर पापड वाळावेत.

काकू उठायला गेली आणि तोल गेला. मी मनगट धरलं. एक ठोका पडला की पुढच्याची वाट पाहावी लागे, टँकरची पाहावी तशी.

"काकू, गोळ्या कोणत्या घेती?"

तिनं डबा आणला. एक पाकीट तिचं, हात थरथरतात म्हणून बीडच्या डॉक्टरांनी दिलेलं. दुसरं काकांचं.

"हे कावून?"

"त्यांच्या उरल्यात. वाया घालू का?"

भांडी धुतलेलं पाणीसुद्धा लिंबाला घालायचे दिवस होते ते. भरलं पाकीट उकिरड्यावर टाकणं तिला पाप वाटलं. सकाळी स्वतःची गोळी, संध्याकाळी त्यांची, त्यांच्याच वेळेला.

मी दोन्ही पाकिटं उलटी केली. मोठ्या अक्षरांतली लाडाची नावं एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नव्हती. खाली बारीक अक्षरांत मात्र एकावर प्रोप्रॅनोलॉल, दुसऱ्यावर मेटोप्रोलॉल. एकाच भावकीतले दोघं एकाच म्हातारीच्या काळजावर बसले होते. काकांचं पाकीट दुकानातून माझ्याच हातानं गेलेलं, वर कीर्तनासकट.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तिला बीडला नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, ठोक्यांचा कागद काढला, पुन्हा नाडी पाहिली. असंच चाललं तर ठोका थांबेल, म्हणाले. या गोळ्यांनी कधी कधी नसलेलं दिसतं, हेही म्हणाले. मालकांच्या गोळ्या आजपासून बंद.

मला काय आनंद झाला! तपासणीच्या खोलीतच मी हात उडवून म्हणालो, "काकू, भूत न्हाई, भावकी हाय ती! आता काका दिसायचे बंद. दे ते पाकीट इकडं."

पाकीट तिच्या पदराच्या गाठीत होतं. तिनं गाठ दोन्ही हातांनी धरली. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली,

"आन् मग त्यांनी यायचं कुठून रे?"