पुलाच्या खांबावरचा पांढरा पट्टा

मी एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या नातीसमोर खोटं पाडलं, आणि खोटा मी होतो. हे मला वर्षभर कुणाजवळ बोलता आलं नाही.

मी इतिहासाचा शिक्षक. हिवाळ्यात महिन्यातल्या एका रविवारी निजामाच्या काळातल्या मीटरगेज लाईनच्या कडेनं लोकांना चालवत नेतो. लाईन रुंद झाली तेव्हा काही ठिकाणी जुना मार्ग बाजूला पडला. रूळ गेले, बाभळी वाढल्या, भराव तेवढा उरला. नांदेडहून येणारे वारंगा फाट्यावर नाश्त्याला थांबतात, त्यामुळे निघेपर्यंत ऊन चढलेलं असतं. आल्या आल्या कुणीतरी विचारतं, "सर, इंजिन कुठंय?" इंजिन नाही म्हटलं की तोंडं उतरतात. निदान माहितीचा एक फलक लावा म्हणून किती अर्ज दिले, पोचसुद्धा मिळाली नाही. नुसता भराव दाखवून माणसं किती वेळ धरून ठेवणार?

म्हणून मी एक गोष्ट रचली. ओढ्यात जुन्या पुलाचे दगडी खांब उभे आहेत. त्यातल्या एकावर, हात पुरणार नाही इतक्या उंचीवर, पांढरा पट्टा आहे. पाणी तिथवर चढलं की गाडी थांबवायची, अशी ती खूण. पूल बांधणाऱ्या गोऱ्या इंजिनिअरनं भर पुरात उभं राहून ती स्वतः केली, असं मी सांगायचो. सुरुवातीला 'असं म्हणतात' एवढं तरी जोडायचो. पुढे तेही सोडलं. लोक फोटो काढायचे, मला बरं वाटायचं.

एका रविवारी कळमनुरीचे एक चाचा आले. रेल्वेत गँगमन होते, म्हणजे रूळ राखणारे. सोबत कॉलेजात शिकणारी नात. माझी गोष्ट अर्ध्यावर असताना ते पुढे झाले.

"साहेब, जरा थांबा. हा पट्टा मी मारला हाय. मुकादमानं शिडी धरली व्हती. अन् एका पावसाळ्यात पानी याच्यावर गेलं, तवा गाडी बी मीच रोखली. रुळावर फटाके बांधले अन् लाल झेंडी घेऊन पळालो."

चाकाखाली वाजून ड्रायव्हरला सावध करणारे ते फटाके. हे त्यांनी नातीकडे बघत सांगितलं. हेच तिला दाखवायला ते एवढ्या लांब आले होते.

"वा चाचा! म्हणजे गोरा साहेब तुमीच का?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मला वाटलं, माझ्यावरच हसले. मी म्हणालो, "चाचा, रंग तुम्ही दिला असेल. इतिहास त्याच्या आधीचा आहे. चला, पुढे चला."

नात खाली मान घालून आजोबांना म्हणाली, "चलो दादा, धूप हो रही."

पट्ट्याचे ओघळ माझ्या डोळ्यांसमोर होते. साधा ऑइलपेंट. त्याच आठवड्यात स्टेशनाजवळच्या पानवाल्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "व्हय, गाडी चाचानंच रोखली. साऱ्यायला ठाऊक हाय. तुमी शिक्षक असून तुमालाच कसं न्हाई?"

तरीही पुढच्या महिन्यात मी इंजिनिअरचीच गोष्ट सांगितली. त्याच्या पुढच्याही. दर वेळी ठरवून जायचो आणि खांबापाशी पोचलो की जीभ जुन्या वळणावर जायची. शेवटी एकदा खरं सांगायला तोंड उघडलं, तर एक बाई म्हणाल्या, "थांबा सर, मी सांगते, मी वाचलंय मोबाईलवर." आणि त्यांनी माझंच खोटं, वर दोन मगरी घालून, सगळ्यांना ऐकवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण रागवणार कुणावर?

दुसऱ्या दिवशी कळमनुरीला गेलो. चाचांनी खाट टाकली, चहा मागवला. मी म्हणालो, "चाचा, माझं चुकलं."

"मला काहून सांगून राहिले?" ते म्हणाले. "गाडी कोणं रोखली, मला बराबर ठाऊक हाय. पोरीला सांगा. तवापासून मी बोलाया लागलो की 'बस हुआ दादा' म्हणून उठून जाते. ती सुट्टीला आली की या."

दोनदा गेलो, दोन्ही वेळा ती आलेली नव्हती. तिसऱ्यांदा एसटी बिघडली, उशिरा पोचलो. ती बॅग भरून परत निघायच्या तयारीत होती. मला पाहून ओढणी सावरत म्हणाली, "सर, पुन्हा काही इतिहास राहिला का?"

चाचा खाटेवर बसले होते. मी दारातच उभा राहून म्हणालो, "बेटा, त्या दिवशी तुझे दादा खरं बोलत होते. पट्टा त्यांनी मारला, गाडी त्यांनी थांबवली. इंजिनिअरची गोष्ट मी मनानं रचली होती, आणि लोकांत माझी फजिती होऊ नये म्हणून तुझ्यादेखत त्यांना खोटं ठरवलं. चाचा, मला माफ करा. बेटा, तूही कर."