रिलेला ताप आलाय

काळजी करणाऱ्या बाईभोवती किस्से फार साचतात. इतरांना ते घडल्यावर कळतात, मला घडायच्या आधीपासून दिसत असतात. या उन्हाळ्यात माझी झोप उडवली पाण्याची मोटर चालवणाऱ्या एका पेटीनं. जालन्यातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मी डिझाईन केलेली ही पहिलीच. धावड्याच्या रामकिसनदादांच्या मिरचीच्या रोपवाटिकेत ती बसणार होती. मोटर सोलरवर, पण तिला चालू ठेवणारा रिले पेटीतल्या छोट्या बॅटरीवर. रिले म्हणजे विजेवरचा खटका: आतल्या कॉइलमध्ये करंट असेल तोवर चिकटलेला, करंट गेला की सुटला. बॅटरी मध्येच उतरली तर मोटर बंद, आणि त्या उन्हात कोवळी रोपं... तिथून पुढं मी नुसती कूस बदलायचे.

* * *

आमचे मालक सुधाकरभाऊ. त्यांचा उपाय सरळ. "मोठी बॅटरी टाकू. त्यात काय एवढं?"

टाकली. रामकिसनदादा बघायला आल्ते. त्यांनी पेटी उचलली, खाली ठेवली आणि कंबर धरली.

"ताई, याच्यानं रोपाला पाणी द्यायचंय का ट्रॅक्टर स्टार्ट करायचाय?"

* * *

बॅटरी परत छोटी झाली. रिले थोडा वेळ चालला की गरम व्हायचा. मी सवयीनं त्यावर पालथा हात ठेवला, घरी पाच वर्षांच्या लेकीच्या, ओवीच्या कपाळावर ठेवते तसा. सोल्डरिंग करणारी नसरीन बघत होती.

"मॅडम, पट्टी भिजवून आणू का?"

ताप मात्र खरा होता. बॅटरीतला करंट कॉइल तापवण्यातच चालला होता.

* * *

मग मोजून पाहिलं. खटका ओढायला रिलेला पूर्ण जोर लागतो. एकदा चिकटला की निम्म्याहून कमी करंटवरही तो धरून राहतो. म्हणून कॉइलच्या वाटेत एक रेझिस्टर आणि त्याला जोडून कपॅसिटर टाकला. पहिला झटका कपॅसिटर देतो, नंतर रेझिस्टर करंट आवरतो. भाऊंना समजावताना मलाच वाटलं, घोळ घालतेय.

"आमच्या मेव्हण्यासारखं," भाऊ म्हणाले. "आणायला चार फोन अन्‌ एक गाडी. एकदा आला की नुसत्या चहावर महिनाभर हलत न्हाई."

हे वाक्य कुणी डिप्लोमाला सांगितलं असतं तर माझा एक विषय राहिला नसता.

* * *

यश डोक्यात गेलं. करंट अजून कमी केला. रिले एकदम थंडगार. नसरीननं टेबलावर डबा ठेवला आणि खट्‌! रिले सुटला.

"मॅडम, आत नुसती भेंडी आहे."

करंट थोडा वाढवला. मग भाऊंनी टेबलावर बुक्क्या मारल्या तरी सुटला नाही.

* * *

पेटी लावायला धावड्याला गेलो तेव्हा ओवीला सुट्टी होती, तिलाही नेलं. रिले लागला, मोटर सुरू झाली. शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचलं तरी बॅटरीचा हिरवा दिवा तसाच.

"बराबर काम करून राह्यली," दादा म्हणाले. "पण तुम्ही म्हणता तेवढ्याशा करंटात खटका सुटत कसा न्हाई?"

मी हौदाच्या काठाशी ओवीला धरून उभी होते. "दादा, जोर ओढताना लागतो. चिकटल्यावर हलकं धरलं तरी पुरतं."

दादांनी माझ्या हाताकडं पाहिलं. "मंग पोरीचं मनगट लाल कशानं झालं?"

मी बोटं सैल केली. ओवीनं हौदात वाकून पाहिलं, मग माझ्याकडं.

"आई, सगळा करंट नको काढू. थोडा राहू दे."