शालिनीताईंनी बंद केलेले वाढदिवस

शालिनीताई आमच्या खोलीत दार वाजवल्याशिवाय कधी आल्या नाहीत. फुलपाड्यातल्या आमच्या मुलींच्या बालगृहाच्या त्या अधीक्षिका. त्यांचं घर वटार गावातल्या बागायतदारांचं. बाहेरून विचारायच्या, "येऊ का गं?" आमच्यातली कुणी "या" म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेरच थांबायच्या.

बालगृह सुरू झालं ते भाड्याच्या दोन खोल्यांत. तेव्हा ताई घरच्या वाडीतली केळी पाटीत घालून आणायच्या, असं मोठ्या मुली सांगत. पुढे भोवती इमारती उठल्या आणि दर रविवारी वाढदिवस येऊ लागले. आमचे नव्हेत, देणगीदारांच्या मुलांचे. आम्ही रांगेत उभं राहून गायचं, फोटो काढून घ्यायचे, मग जेवायचं. जेवण झकास असे. पण ते फोटो शाळेत कुणाच्या मोबाइलवर दिसले, की मला मान वर करवत नसे.

एका रविवारी विरारच्या एका मुलाने केक कापला. पहिला तुकडा आमच्या धाकट्या मंदाला देत त्याने सहज विचारलं, "तुझा बर्थडे कधी असतो?"

मंदाने ताईंकडे पाहिलं. ती स्टेशनवर सापडलेली. तिचा जन्मदिवस कुणालाच ठाऊक नव्हता. ताईंची कानशिलं लाल झाली.

पाहुणे गेल्यावर त्या आमच्यात येऊन जमिनीवर बसल्या. "माझं चुकलं गं पोरींनो. इतकी वर्षं तुम्हाला लोकांपुढे उभं केलं. आता नाही."

विश्वस्त भडकले. "देणगीदारांना काय तोंड दाखवायचं?"

"सांगा, जेवू घाला. पोरी गाणार नाहीत."

देणग्या आटल्या. रोज भात आणि पातळ आमटी. वर्षाच्या आत विश्वस्तांनी ताईंना घरी बसवलं. रविवार पुन्हा सुरू झाले, आम्ही पुन्हा गायलो.

मी नोकरीला लागल्यावर त्या अंथरुणाला खिळल्याचं कळलं, म्हणून वटारला गेले. त्यांनी मला ओळखलं, पण नजर काही मिळवेनात.

"अजून तुम्ही रांगेत तशाच उभ्या दिसता," म्हणाल्या.

समजूत घालायची म्हणून मी म्हटलं, "ताई, पण त्यामुळे पोटभर जेवलो ना आम्ही?"

"जेवण तुमच्या हक्काचं होतं गं. ते गाणं न म्हणवता वाढायला हवं होतं मी."

त्यांनी तोंडावर पदर ओढला. मी त्यांचा हात हातात घेतला. तो त्यांनी हळूच सोडवून घेतला. पंधरवड्याने त्या गेल्या.