साखळीची पहिली कडी

सुधाकरभाऊ गेल्याचं मला चंद्रपूरच्या स्टँडवर गडचिरोलीच्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं. "तुमचे साखळीवाले साहेब गेले नं, बाई." भाऊ त्याच्या गाडीत बसले की टपावरच्या पोत्यांची चौकशी करायचे, म्हणून ओळख. जुन्या कचेरीतून मात्र कुणाला कळवावंसं वाटलं नाही. महिना होत आला, माझा राग काही उतरत नाही...

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हा आम्ही दोघं त्याच सरकारी कचेरीत होतो. माल कुठून निघतो, कशाकशानं जातो, कुठं पोचतो, ही माहिती नागपूरच्या संगणकात भरायची आणि त्यावरून रस्ते-पूल कुठं हवेत ते ठरवायचं, असं ते काम. आराखडा भाऊंचा. चंद्रपूरच्या बौद्ध वस्तीत वाढलेला, संख्याशास्त्र शिकलेला हा माणूस एकच हट्ट धरून बसला, की माल जिथून उचलला तिथून मोजायचा. जंगलातला बांबू आधी डोक्यावर, मग नदी ओलांडायला डोंग्यात, मग बैलबंडीत, मग ट्रकमध्ये, मालगाडीत. सगळ्या कड्या एकाच साखळीत. चहाला बसलो तरी कप हातात धरून विचारायचे, "ही पत्ती इथवर कशी आली असन, सांग बरं?" जीव नकोसा करायचे अगदी.

अडलं ते गाडीच्या नंबरवर. मोठ्या साहेबांनी फर्मावलं, वाहनाचा नंबर नसेल ती नोंद संगणकानं घ्यायचीच नाही. आता डोक्याला आणि डोंग्याला नंबर कुठून आणायचा? भाऊ म्हणाले, "साहेब, भारा जंगलातून सडकेवर का उडून येते?"

साहेब हसले. "वाहन नाही, तर वाहतूक कसली?"

झालं! सगळ्या साखळ्या सडकेपासून सुरू झाल्या. भामरागडच्या नदीपलीकडून काही निघतच नाही, असं अहवालात आलं आणि तिथला पूल त्याच अहवालाचा दाखला देऊन नाकारला. भाऊंची बायको सुमनवहिनी त्याच नदीपलीकडच्या गावात शाळेवर होत्या.

या पावसाळ्यात भाऊ रजा काढून तिथं गेले आणि तापानं पडले. खाटेवर घालून लोकांनी खांद्यावरून नदीपर्यंत आणलं, पूर उतरायची वाट पाहिली, मग डोंगा, मग बंडी, मग सडकेवर कुणाची तरी जीप. गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी न बोलावताच गेले त्या शोकसभेत त्याच साहेबांनी भाऊंच्या चिकाटीचे गोडवे गायले. मी उठून बाहेर आले. ऐकवेना.

परवा वहिनींकडे गेले. नदी आता अंग चोरून वाहते आहे. घरापुढच्या सपरीत ती खाट उभी होती, उचलायला बांधलेले बांबू अजून सोडलेले नव्हते.

"दवाखान्यात डाक्टरनं जीपवाल्यालेच विचारलं, किती वेळ लागला," वहिनी म्हणाल्या. "त्यानं जीपचाच सांगितला. मंग डाक्टर मले म्हणे, बाई, आणाले इतका उशीर काऊन केला?"

त्यांनी चहा आणून दिला. कप हातात धरून मीच विचारलं, ही पत्ती इथवर कशी आली?

"डोंग्यानं," वहिनी म्हणाल्या. "न् तिथून डोक्यावर."