वाणातली पिल्लं

मला राग पटकन येतो, हे आमच्या हैदराबादच्या नल्लकुंट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या जानेवारीत मी सलग चार दिवस चिडलेली होते. रोज सकाळी मी गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जायची. तिथे एक निवृत्त जनावरांचे डॉक्टर रस्त्यावरची बेवारस कुत्री सांभाळायचे. मी भांडी धुवायची, पिल्लांना दूध पाजायची. संक्रांतीच्या आठवड्यात शेडमध्ये उलट्या-जुलाबांची साथ शिरली आणि रोज एखादं पिल्लू थंडगार सापडायला लागलं. शेवटी चार उरली. "अम्मा, इनकू यहाँ नक्को रखो," डॉक्टर म्हणाले. घराघरांत गेली तर वाचतील, इथे एकही उरणार नाही, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

मी ओळखीच्या प्रत्येकीला फोन लावला. बाजारात तेव्हा नुकतं सगळं मिळायला लागलं होतं आणि जिच्यातिच्या घरी काहीतरी नवंकोरं आलेलं होतं. "अगं, सोफा आत्ताच घेतलाय," एक म्हणाली. बरकतपुऱ्याच्या वकिलीणबाई तर म्हणाल्या, "आणायचंच झालं तर पामेरियन आणू, रस्त्यावरचं कशाला?" माझं टाळकंच सटकलं. फोन आपटला मी.

आमच्या घरी तर नावच काढायची सोय नव्हती. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या आणि सोवळ्याच्या महाकडक. "कुत्रं उंबऱ्याच्या आत आलं, की मी गौलीगुड्याच्या बसस्टँडवर जाऊन पहिली बस पकडीन," असं त्यांनी बजावलं होतं. आणि त्यांनी ती पकडलीही असती.

त्यातच रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू. सगळी तयारी नेहमीप्रमाणे आईंची. तीळगूळ त्यांचा, अत्तरदाणी-गुलाबदाणी त्यांनी घासलेली, वाणाला स्टीलच्या गाळण्याही त्यांनीच निवडलेल्या. पण सासरे गेल्यापासून चार वर्षं त्या हॉलमध्ये येत नव्हत्या. स्वयंपाकघरात बसून हुकूम सोडायच्या आणि शेवटची बाई जाईपर्यंत बाहेर पडायच्या नाहीत. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "बाहेर या," असंही कुणी म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

रविवारी दुपारी मी चारही पिल्लं भाजीच्या टोपलीत घालून मागच्या पडवीत लपवली. पुढे काय करायचं, ते मलाच माहीत नव्हतं.

पहिली आली ती हिमायतनगरची मुलगी. पुण्याहून येऊन सहा महिने झालेले, नवरा दिवसभर कॉम्प्युटरच्या कंपनीत, ही फ्लॅटमध्ये एकटी. हात धुवायला पडवीत गेली आणि परत आली ती पदरात पिल्लू घेऊन. चेहरा नुसता फुललेला. "काकू, हैदराबादला वाण म्हणून पिल्लं देतात? किती गोड! मी हेच घेऊ ना?"

पुण्याच्या पोरीला इथल्या चालीरीती काय ठाऊक! तिला वाटलं, निजामाच्या गावात असंच असेल. "हो हो, घे की," मी बोलून गेले. आत पळी आपटल्याचा आवाज आला. पण वाण एकदा पदरात पडलं की परत मागता येत नाही. शिवाय हळदीकुंकवात एकीला एक आणि दुसरीला दुसरं असा भेदभाव करायचा नाही, हा तर खुद्द आईंचाच दंडक. मी सरळ टोपली उचलून हॉलमध्ये आणून ठेवली.

मग काय विचारता! कुणी पाय वर घेतले, कुणी किंचाळलं. शेजारच्या तेलुगू बाई "कुक्कपिल्ला! कुक्कपिल्ला!" करत जरीच्या साडीसकट जमिनीवर बसल्या आणि काळं पिल्लू त्यांनी लगेच ताब्यात घेतलं. वकिलीणबाईंच्या दोघी मुलींनी तिसरं जे कवटाळलं, ते सोडेनातच. "वाणाला नाही म्हणू नये हो," कुणीतरी बोललं. वकिलीणबाईंनी नाइलाजाने "बरं" म्हटलं आणि मी गुलाबदाणी जरा जास्तच शिंपडली. पिल्लं शिंकायला लागली. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

चौथं मात्र टोपलीतच राहिलं. हडकलेलं, मळकट पांढरं, सकाळपासून पाण्याचा थेंबही न घेतलेलं. बायका वाकून बघायच्या, "अगंबाई" म्हणायच्या आणि गाळणी घ्यायच्या. ते शेडमध्ये परत गेलं असतं तर दोन दिवस काढले नसते.

इतक्यात स्वयंपाकघराचा पडदा सरकला. दारात आई उभ्या. त्यांनी टोपलीकडे बोट दाखवलं.

"हे कुणाचं?"

"कुणाचंच नाही, आई."

"म्हणजे परत तिथेच?"

मी मान डोलावली.  आई वर्गात बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "चार वर्षं झाली, मला कुणी वाण दिलेलं नाही. आण इकडे." आणि त्यांनी पदर पसरला.

मला रडूच कोसळलं. माझ्या आधी ती पुण्याची मुलगी उठली. तिने करंडा उचलला आणि आईंच्या कपाळावर हळदीकुंकू टेकवलं.  मी पिल्लू त्यांच्या पदरात ठेवलं. ते तिथेच ओकलं.

"झालं सोवळं!" आई म्हणाल्या. पण पदर त्यांनी सोडला नाही.

डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. आई मांडी घालून बसायच्या आणि दर तासाला कापसाच्या बोळ्याने मीठसाखरेचं पाणी त्याच्या तोंडात सोडायच्या. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन येत होते, तर आई फाटकात उभ्या. हाताला दहीभात तसाच लागलेला. मला बघून त्या रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडल्या, "अगं, जेवलं! माझं वाण जेवलं!"